एवढंसं नॅट सेबरला भारी कसं पडलं?

मी वायुदलात होतो हे कळलं की साताऱ्यात पहिला प्रश्न ठरलेला: विमान चालवायचात का? नाही. मी आर्मामेंट फिटर. विमानाच्या तोफा आणि दारूगोळा आमच्याकडं. मग दुसरा प्रश्न येतो, तो मला मनापासून आवडतो. इथल्या सैनिक स्कूलची पोरं हमखास विचारतात, "काका, एवढंसं नॅट सेबरला भारी पडलंच कसं?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. नॅट म्हणजे आपलं छोटं लढाऊ विमान, सेबर पाकिस्तानचं. नॅट लहान होतं म्हणूनच भारी पडलं. पंखांचा पसारा पावणेसात मीटरसुद्धा नाही. सेबरचा ११ मीटरच्या वर. लांबून दिसायचंच नाही, दिसेपर्यंत झपकन वळून पाठीमागं आलेलं असायचं. ब्रिटननं ते शिकाऊ वैमानिकांसाठी वापरलं. आपण बंगळूरला एचएएलमध्ये, म्हणजे हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात, बांधलं आणि लढाईत उतरवलं.

पण लहानपणाची किंमतही होती, ती कुणी सांगत नाही. इंधन कमी. तोफा दोनच, ३० मिलिमीटरच्या एडन, हवा आत घेणाऱ्या तोंडांच्या दोन्ही बाजूंना. मिनिटाला १२०० च्या आसपास राउंड सुटायचे, पण पोटात साठा इतका थोडा की सगळा मारा पाच-सहा सेकंदांत संपणार. आणि तोफ मध्येच जाम होण्याचं दुखणं होतंच. मी भरती झालो तेव्हा ७१ चं युद्ध होऊन गेलं होतं, पण मला शिकवणारे उस्ताद त्यातून गेलेले. गोळ्यांचा बेल्ट भरताना ते प्रत्येक लिंकवरून, म्हणजे गोळ्या जोडणाऱ्या कडीवरून, अंगठा फिरवायला लावायचे. एखादी जराशी तिरकी लागली की बेल्ट परत मोकळा. घाई असली तरी. वर गेलेल्या माणसाला तोफ सोडवायला खाली येता येत नाही, एवढंच ते म्हणायचे.

म्हणजे वैमानिकाला अगदी जवळ जाऊनच मारणं भाग होतं. ३ सप्टेंबर १९६५ ला जम्मूकडच्या छांब भागात नॅटचे वैमानिक ट्रेव्हर कीलर यांनी सेबरवर मारा केला आणि त्यांना वीरचक्र मिळालं. ते सेबर पडलं नाही, परत उतरलं, असं पाकिस्तान म्हणतं. तो वाद आजही आहे. तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानच्या सीमेवरच्या बॉयराचा मात्र वाद नाही. २२ नोव्हेंबर १९७१, युद्ध अजून जाहीर व्हायचं होतं. कोलकात्याच्या डमडमहून चार नॅट उडाली, सेबर पाडली, आणि हवाई छत्रीनं उतरलेले दोन वैमानिक पकडले गेले. त्यांतले एक पुढं पाकिस्तानी वायुदलाचे प्रमुख झाले.

आणि १४ डिसेंबरचं श्रीनगर. तळावर सहा सेबरांचा हल्ला चालू, धावपट्टीवर बॉम्ब पडताहेत, आणि फ्लाइंग ऑफिसर निर्मलजीतसिंग शेखों त्यातूनच नॅट घेऊन उडाले. इतक्या सेबरांशी झुंजताना ते पडले. वायुदलाला मिळालेलं परमवीरचक्र आजवर एकच, ते त्यांचं. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्या उड्डाणात आहे. विमान चपळ होतं, पण तशा धावपट्टीवर ते पुढं नेणारा माणूस लागतो.

शेखोंचं नाव पोरांना पाठ असतं. ते सांगून झालं की बॉयराच्या चार वैमानिकांची नावंही मी त्यांच्याकडून म्हणवून घेतो: मॅसी, गणपती, लाझारस, सोआरेस.