लेखन शिकायचे, तर महाविद्यालय कसे निवडावे?

बारावीचा निकाल लागला की पालक मला हमखास विचारतात: मुलीला सर्जनशील लेखन शिकायचे आहे, तर तिला नाशिकमध्येच ठेवावे, की पुण्या-मुंबईला किंवा थेट दिल्लीकडे पाठवावे? तुम्हीही विचारलेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपल्याकडे केवळ लेखनाची स्वतंत्र पदवी फार थोड्या ठिकाणी मिळते. हरियाणातील अशोका विद्यापीठात इंग्रजी साहित्याबरोबर सर्जनशील लेखन शिकता येते, मात्र तेथील शुल्क बहुतेक घरांना झेपणारे नाही. इतर बहुतेक महाविद्यालयांत, हा विषय असलाच तर, बी. ए.च्या मराठी किंवा इंग्रजी अभ्यासक्रमातला एक भाग म्हणून येतो, आणि तो भाग कोणाच्या वाट्याला आला आहे यावर सारे अवलंबून राहते.

अमेरिकेत आयोवा विद्यापीठाने १९३६ साली आणि इंग्लंडमध्ये ईस्ट अँग्लिया विद्यापीठाने १९७० साली लेखनाचे पदव्युत्तर शिक्षण सुरू केले, त्याचा गाभा साधा आहे: विद्यार्थ्याचे लेखन वर्गातले सगळे आधी वाचून येतात आणि मग लिहिणाऱ्यासमोर त्यावर बारकाईने बोलतात. दहा-बारा जणांत हे जमते. शंभर जणांच्या वर्गात शिक्षक कितीही जीव ओतणारा असला तरी जमत नाही. त्यामुळे पहिली चौकशी वर्गातल्या संख्येची करावी.

दुसरी चौकशी मला अधिक महत्त्वाची वाटते. त्या महाविद्यालयातल्या एखाद्या विद्यार्थ्याला गाठावे आणि शिक्षकांनी तपासून परत दिलेले त्याचे एखादे पान पाहावे. मी पाहिलेल्या अशा एका पानावर विद्यार्थिनीने लिहिले होते, ‘आजी मनातून फार दुःखी झाली.’ शिक्षिकेने त्या ओळीखाली रेघ मारून समासात विचारले होते, ‘मग तिने काय केले?’ पुढच्या खर्ड्यात आजी मेथी निवडायला बसली होती. पाने कचऱ्यात टाकत होती आणि काड्या परातीत ठेवत होती. एवढा बदल समासातल्या एका प्रश्नाने घडला. ज्या पानावर नुसते ‘छान’ किंवा दहापैकी सात असे लिहिलेले असते, तेथे, इमारत कितीही देखणी असो, लेखनाचे शिक्षण होत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

नाशिकचा अभिमान मलाही आहे. एचपीटी महाविद्यालयात कुसुमाग्रज शिकले आणि वसंत कानेटकरांनी तेथे अध्यापन केले, परंतु प्रवेश घेताना आज वर्गावर कोण आहे हेच विचारावे लागते. मराठीत लिहू इच्छिणाऱ्या मुलीला येथे नेटाने वाचणारा एक जरी शिक्षक मिळत असेल, तर तिने गाव सोडू नये असे मी सुचवतो. १८४० साली स्थापन झालेले सार्वजनिक वाचनालय हाताशी आहे, आणि वसतिगृहाच्या खर्चातून वाचलेल्या पैशांत पुष्कळ पुस्तके येतात. इंग्रजीत लिहायचे असेल तर मात्र बाहेर जाण्याचा विचार जरूर करावा, कारण त्या भाषेत रोज लिहिणारे-वाचणारे सोबती येथे तुलनेने कमी भेटतात. नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांसाठी इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाची इंग्रजीतील सर्जनशील लेखनाची पदविका आहे.

प्रवेशाची यादी लागण्यापूर्वी मुलीला घेऊन विभागात जा, पण बोलणे तिलाच करू द्या. गेल्या वर्षी कोणा विद्यार्थ्याकडून एखादी कथा पुन्हा पुन्हा लिहून घेतली का, आणि तिच्यात काय बदलले, एवढेच तिने शिक्षकांना विचारावे. त्यांनी त्या कथेविषयी तपशिलाने सांगायला सुरुवात केली, तर ते महाविद्यालय तुमच्या यादीत तिसरे असले तरी तेथेच प्रवेश घ्या.