आठवी बाजू

सहावीच्या भूमितीचा मला दरवर्षी वैताग येतो. मुलांचा नव्हे, फळ्यावरच्या आकृत्यांचा. प्रत्येक त्रिकोण ऐसपैस मांडी घालून बसलेला, प्रत्येक चौरस ताठ उभा. चौरस जरा कलता काढला की अख्खा वर्ग ओरडतो, "शंकरपाळी!" मान वाकडी करून बघा म्हटलं की बघतात, चौरस म्हणतात, मान सरळ केली की पुन्हा शंकरपाळी.

म्हणून यंदा 'आपल्या परिसरातील आकार' हा घटक फळ्यावर घ्यायचाच नाही असं ठरवलं. क्षेत्रभेट काढली लिंबला, बारामोटेच्या विहिरीवर. सातारा तालुक्यातलीच, आमच्यापासून वडापनं अर्ध्या तासावर. निम्म्या वर्गानं ती आधी मोबाईलवर पाहिलेली, प्रत्यक्षात तिघांनीच. मुख्याध्यापिका बाईंनी संमतीपत्रं, सोबत दोन शिक्षक आणि एक लांब दोर, एवढ्यावर परवानगी दिली. दोर मुलांनी रांगेत धरायचा. विहीर शंभर फुटांवर खोल आहे म्हणतात, त्यामुळे मी वाद घातला नाही.

गावात शिरताना ठरल्याप्रमाणे वहीत आकार टिपणं सुरू झालं. दार आयत, खिडकी आयत, पत्र्याचं शेड आयत. कंटाळवाणं काम. एका कौलारू घरापाशी मात्र गर्दी थांबली. बाजूनं पाहिलं तर आढ्याखाली त्रिकोण, समोरून पाहिलं तर छपराचा पाख नुसता आयत. एकाच छपराचे दोन आकार कसे, यावर पाच मिनिटं गेली आणि एका आजींनी "काय हरवलंय का गुरुजी?" असं विचारल्यावर आम्ही पुढं निघालो.

विहीर लांबून दिसत नाही. रानात चालता चालता एकदम जमीन संपते. दगडी जिना उतरून आत गेलं की विहिरीवरच बांधलेला छोटा महाल लागतो. आत शिलालेख आहे. वीरूबाई भोसले यांनी शके १६४१ ते १६४६ या काळात विहीर बांधली. मुलांनी दोन्हींत ७८ मिळवून १७१९ आणि १७२४ काढलं. एकीनं लगेच सांगितलं, "सर, पाच वर्षं लागली." हे मी विचारलंही नव्हतं.

महालाच्या गच्चीवर सगळ्यांना दोर धरून उभं केलं आणि विचारलं, "समोरच्या मोठ्या विहिरीचा आकार सांगा."

"गोल!"

"नीट बघा."

मग कोपरे दिसायला लागले. एकेक बोट फिरवत मोजणी झाली. सात. दुसऱ्या गटाचंही सात. मला अष्टकोन हवा होता, पाठ-टाचणात तसं लिहून आणलेलं. आणि सत्तावीस मुलं एकमुखानं सात म्हणत होती.

नदी ओलांडून गेलेल्या दहा जणांची गोष्ट आहे ना, प्रत्येक जण स्वतःला सोडून मोजतो आणि दहावा बुडाला म्हणून रडत बसतो? तसंच झालं होतं. आम्ही उभे होतो ती गच्चीच आठव्या बाजूवर होती. "पायाखाली बघा," म्हटल्यावर हशा झाला. झालं, आठ, असं मी मनात म्हटलं आणि मुलांना खाली नेलं.

तिथं घोळ झाला. खालच्या कमानीतून विहिरीत पाहताना एक पोरगा, वर्गात सहसा न बोलणारा, म्हणाला, "सर, सातच हायत. हिकडं भिंतच न्हाय. आपण आलो ते भोक हाय."

मी म्हटलं, भिंत नसली तरी बाजू आहे. "बाजू कुठंय?" "ही काय, या टोकापासून त्या टोकापर्यंत." "तिथं तर काहीच न्हाय." आता याला काय सांगावं? वीस वर्षं शिकवतोय, पण बाजू म्हणजे रेषाखंड, त्याला जाडी नसते, तो दगडाचा नसतो, हे कमानीत उभं राहून एका बारा वर्षांच्या पोराला पटवायची वेळ कधी आली नव्हती. मी 'काल्पनिक रेषा' म्हणालो. त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं की सर आता थापा मारतायत.

वर्गाचे दोन तट पडले. सातवाले आणि आठवाले. सातवाल्यांची बाजू भक्कम होती, कारण ती दगडाची होती. माझ्या सोबतच्या बाईंनी घड्याळ दाखवलं. तेवढ्यात मागून एक मुलगी म्हणाली,

"आमच्या गोठ्याला म्होरं भिंत न्हाय. मग काय गोठा तिकोनी का?"

क्षणभर सगळे गप्प. मग आठवाले असे ओरडले की वरचे पारवे उडाले. मला या वाक्यासाठी त्या पोरीला उचलून घ्यावंसं वाटलं. माझं अख्खं टाचण तिनं गोठ्यात बांधून टाकलं होतं.

सातवाला मात्र हलला नाही. "गोठा उघडाच असतो," एवढंच म्हणाला. खोटं नाही ते.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या मैदानात विहीर आखली. विहिरीचा व्यास पन्नास फूट सांगतात, म्हणून खुंटी ठोकून पंचवीस फूट सुतळीनं फक्कीचं वर्तुळ मारलं. एकमेकांना काटकोनात दोन व्यास. काटकोन आला का ते गवंड्यासारखं तीन-चार-पाचनं तपासलं, म्हणजे एका रेषेवर तीन फूट, दुसरीवर चार, तिरकं अंतर बरोबर पाच. मग प्रत्येक काटकोन दुभागला. वर्तुळावर आठ खुणा झाल्या. त्या जोडल्या आणि एकेक बाजू टेपनं मोजली. सगळ्या एकोणीस फुटांच्या आसपास, थोड्या पुढंमागं, कारण सुतळी ताणते. आतला कोन कोनमापकावर १३५ अंश. खरी विहीर इतकी नेमकी समान आहे असा माझा दावा नाही, पण मुलांना त्या मापाचा पसारा कळला. आमचा वर्ग त्यात आरामात बसला आणि वर कबड्डीला जागा उरली.

सात बाजूंवर मुलं भिंत होऊन उभी राहिली. आठवीवर कुणी नाही, फक्त फक्कीची रेष. सातवाल्याला मी मधोमध उभं केलं.

"आता किती?"

तो गोल फिरला. दोनदा. "भिंती सात," तो म्हणाला, "बाजू आठ." आणि मी शाबासकी देण्याच्या बेतात असताना त्यानं विचारलं, "पण सर, मोटा बारा व्हत्या. सात भिंतींवर बारा मोटा कशा बसवल्या आसतील?"

मोट यांनी पाहिलेली नाही. चामड्याची भली मोठी पिशवी, ती ओढत धावेवरून उतरणारे बैल, थारोळ्यात ओतलं जाणारं पाणी, हे सगळं मी फळ्यावर काढून दाखवलं. तोवर मधली सुट्टी झाली. पुढच्या क्षेत्रभेटीच्या अर्जात मी कारण लिहिलं, 'मोटेच्या जागा मोजणे'. बाईंनी विचारलं, "हे भूमितीत येतं का?" मी हो म्हणालो.