पिशवीतले टॉवेल

मुलगाच बोलत होता. वडिलांचं वय, बीपी, शुगर, पुण्याला रोबोटनं झालेलं प्रोस्टेटच्या (मूत्राशयाखालच्या पुरुषांच्या ग्रंथीच्या) कॅन्सरचं ऑपरेशन. आधी पीएसए, म्हणजे प्रोस्टेटच्या आजाराचा माग देणारी रक्ततपासणी, अकराच्या पुढे, आता ०.०३. काढलेल्या ग्रंथीचा रिपोर्ट चांगला, गाठ बाहेर पसरलेली नाही. फाइल इतकी टापटीप की मला हेवा वाटला. वडील खुर्चीच्या अगदी कडेला टेकले होते, मांडीवर रेक्झिनची पिशवी. शेजारी आई.

"मग आता त्रास काय?" मी विचारलं.

"काही नाही मॅडम, थोडं गळतं." हेही मुलगाच.

थोडं म्हणजे किती, हे मुलाला विचारून कधीच कळत नाही. त्याला बाहेर बसवलं.

मी सोलापुरात फिजिओथेरपी करते. माझ्याकडचे बहुतेक पेशंट गुडघे, कंबर, लकवा यांचे. बाळंतपणानंतरच्या बायका येतात. प्रोस्टेटचं ऑपरेशन झालेले पुरुष मात्र क्वचित. ते घरात बसतात. हे काकाही बसलेच होते. शहराच्या पूर्व भागातलं, विणकरांच्या वस्तीतलं घर, घरात तेलुगू, बाहेर मराठी, उभं आयुष्य टॉवेलच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे माग जुळवणारा कारागीर, म्हणून गेलेलं. नारळी पौर्णिमा नुकतीच झाली होती. त्यांच्या समाजाच्या मार्कंडेयाचा रथ जवळच्या रस्त्यानं गेला आणि हे उंबऱ्याबाहेर पडले नाहीत. जानवंही घरातच बदललं. हे मला काकूंनी सांगितलं. काका भिंतीवरचा सांगाड्याचा तक्ता वाचत होते.

मग त्यांनी पिशवी उघडली. आत टर्किश टॉवेलचे तुकडे. वीतभर रुंद, तिहेरी घडीचे, चारी बाजूंनी मशीनवर शिवलेले, एका कडेला निळी पट्टी. कारखान्यातला रिजेक्ट माल कापून काकूंनी घरीच केलेले. बाजारातलं पॅड रोज परवडत नाही आणि औषधाच्या दुकानात मागायचं तरी कुणी? शिलाई इतकी सरळ होती की मी दोन्ही बाजूंनी पाहिली.

"दिवसाला किती लागतात?"

"मोजत नाय ओ मॅडम. रात्री कोरडा असतोय. सकाळी उभारलं की चालू. संध्याकाळी तर विचारूच नका."

हे ऐकून मला जरा हायसं वाटलं. झोपेत कोरडं, उभं राहिल्यावर, खोकल्यावर ओलं, संध्याकाळी जास्त, म्हणजे दमलेल्या स्नायूची गोष्ट. लघवी अडवायला दोन स्नायू असतात. वरचा, मूत्राशयाच्या तोंडाशी, आपोआप चालतो. प्रोस्टेट त्याला लागूनच असल्यानं ती काढताना त्याचं काम बिघडतं. मग सगळा भार खालच्यावर येतो. हा आपल्या ताब्यातला, पण आजवर त्याच्याकडून एवढं काम कुणी करून घेतलेलं नसतं. कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, निघाल्यावर जवळपास प्रत्येकाला काही दिवस गळतंच. पुढच्या काही महिन्यांत बहुतेकांचं आटोक्यात येतं, काहींना वर्ष लागतं. एवढी चार वाक्यं काकांना कुणी ऐकवली नव्हती. डिस्चार्जच्या कागदावर एक ओळ: "केगल, टीडीएस." केगल म्हणजे ह्या खालच्या स्नायूंचा व्यायाम, टीडीएस म्हणजे दिवसातून तीनदा. मुलगा अकाउंट्समधला, त्याला टीडीएस एकच ठाऊक, पगारातून कापला जाणारा कर.

"मग व्यायाम करताय का?"

"करायलोय की! मोबाईलवर बघून. तीनदा काय, दिवसभर करतोय."

आडवं झोपवून, गुडघे मोडून करायला सांगितलं. काकांनी दात आवळले, श्वास कोंडला, ढुंगण गादीवरून वर आलं, पोट टम्म फुगलं. व्यायाम इमानेइतबारे चाललेला, फक्त उलटा. श्वास कोंडून पोट फुगवलं की दाब खाली पडतो आणि जे अडवायचं तेच बाहेर ढकललं जातं. अमेरिकेतल्या डॉ. अर्नोल्ड केगल यांनी १९४८ मध्ये हा व्यायाम मांडला तो बाळंतपणानंतरच्या बायकांसाठी. पुरुषांना तो शिकवताना मोबाईलचा काडीचा उपयोग नाही, कारण त्यातही बहुधा बाईचंच चित्र असतं.

मी टेबलावरचा हात-आरसा काकांना दिला, पडदा ओढला आणि बाहेर उभं राहून सांगत गेले. कुल्ले सैल. पोट सैल. श्वास चालू. आता लघवीची धार मधेच तोडायचीय असं समजा. लिंग आत ओढलं जायला हवं, गोट्या किंचित वर सरकायला हव्यात. आरशात बघा. मी हे शब्द जसेच्या तसे वापरते. "तो भाग", "खालचं" असं म्हणत बसलं तर पेशंट भलतंच काहीतरी आवळतो. पडद्याआड बराच वेळ शांतता. काकू जमिनीकडे बघून हसू दाबत होत्या.

"सरकलं!" आतून आवाज आला. "थोडं सरकलं ओ मॅडम."

पाच आकडे मोजेपर्यंत धरा, तेवढाच वेळ सोडा, असं दहा वेळा. असे दिवसातून तीन फेरे. प्रत्यक्ष लघवी करताना धार तोडायचा सराव नको, ओळखायला एखाद्या वेळी ठीक. उठायच्या, खोकायच्या आधी आवळा. आणि मधल्या वेळात खरंच सोडून द्या, दिवसभर आवळून बसू नका.

हे शेवटचं मात्र मला त्यांना शिकवावं लागलं नाही. "ताण्याला सारखा ताण दिला तर दोरा तुटतोय," ते म्हणाले. ताणा म्हणजे मागावरचे उभे दोरे. "सोडावं पण लागतंय." मी हे आता बाकीच्यांनाही सांगते, त्यांचं म्हणूनच.

पाण्याचा विषय निघाला. गळू नये म्हणून पाणी अगदी कमी केलेलं, आणि चहा मात्र सहा कप. सोलापुरात पाणी तोडणं म्हणजे आगीशी खेळ. लघवी घट्ट झाली की मूत्राशय आणखी चिडतं, वर बद्धकोष्ठ, त्यात कुंथणं, म्हणजे पुन्हा खाली दाब. चहा दोनवर आणायला सांगितलं. यावर मात्र ते खरे नाराज झाले.

निघताना काका चपला घालायला बाहेर गेले आणि काकू थांबल्या. मला वाटलं पैशाचं विचारतील. त्यांनी विचारलं, "मी ते तुकडे वेगळ्या बादलीत डेटॉल टाकून धुते. नातवंडांचे कपडे चुकून त्यात गेले तर त्यांना लागत नाही ना?" कॅन्सर लागत नाही, लघवीतून नाही, धुण्यातून नाही, एका ताटात जेवून नाही. हे दोनदा सांगितलं. त्यांनी पदरानं चेहरा पुसला आणि तेलुगूत काहीतरी म्हणाल्या. काका व्हरांड्यात झोपत होते हे मला तेव्हा कळलं.

काकांचा स्वतःचा प्रश्न पुढच्या खेपेला आला, काकूंना पाणी आणायला पाठवून. "बाकीचं?" एवढंच. ताठरता आणणाऱ्या नसा प्रोस्टेटला चिकटून जातात. वाचवल्या तरी सावरायला वर्ष-दोन वर्षं लागू शकतात, गोळ्या असतात, पण त्यांना बीपीची गोळी चालू, तेव्हा आधी सर्जनला विचारा. "आता वय झालं, तसं काय नाय," ते म्हणाले आणि सर्जनच्या पुढच्या तारखेची चिठ्ठी घडी घालून खिशात ठेवली.

तुकडे वजन करून आणायला मी सांगितलं होतं. दिवसभराचे ओले एका पिशवीत, कोरड्याचं वजन वजा करायचं; एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिली. पहिल्यांदा ४१० ग्रॅम भरले. दिवाळीनंतर साठच्या आसपास. हसलं की अजून गळतं. शिंक आली तर हमखास. पण हुतात्मा एक्सप्रेसनं तपासणीला पुण्याला जाताना खिडकीशी बसले, संडासाजवळची जागा मागितली नाही, असं मुलगा म्हणाला.

प्रोस्टेटचे सगळेच पेशंट असे ऑपरेशनवाले नसतात. काहींना फक्त पुरुषी हार्मोन दाबणारी इंजेक्शनं चालू असतात. ते हार्मोन उतरतं तसे अंगातून गरम वाफा येतात, हाडं विरळ होतात, दंडाची गोलाई जाते. मे महिन्यात ४३ अंशांत "मला गरम होतंय" म्हणणाऱ्या माणसाकडे सोलापुरात कोण लक्ष देणार? त्यांना मी वजनं उचलायला लावते, चालायला लावते.

काकांच्या नंतर मी इथल्या ओळखीच्या सर्जनना फोन केला, की पेशंट ऑपरेशनच्या आधीच पाठवा. कॅथेटर नसताना, दुखत नसताना स्नायू ओळखणं सोपं जातं. ते हो म्हणाले आणि पाठवतातही. पाठवलेल्यांतले निम्मे येतात. परवा एकजण आले आणि बसायच्या आधीच म्हणाले, "लेडीज डॉक्टर असतील हे सांगितलं नव्हतं." मी आरसा पुढे केला.