नऊ पावत्या आणि ८६ ब्रास मुरूम : आमची वाटचाल

लातूरमध्ये फुटबॉल प्रशिक्षणाचा आमचा व्यवसाय जानेवारी २०१६ मध्ये सुरू झाला आणि पहिल्या महिन्याच्या पावतीपुस्तकात नऊ पावत्या फाटल्या. त्यांतल्या तीन नातेवाइकांच्या मुलांच्या नावे होत्या, म्हणजे खरे गिऱ्हाईक सहाच. त्याआधी अकरा वर्षे मी पैसे घेऊन फुटबॉल खेळलो होतो: पुण्यातून मुंबईला, तिथे एका कंपनीच्या संघाकडून स्थानिक लीग आणि शेवटचे तीन हंगाम आय-लीग या तेव्हाच्या राष्ट्रीय लीगच्या दुसऱ्या विभागात, उजव्या बगलेचा बचावपटू म्हणून. वयाच्या एकतिसाव्या वर्षी डाव्या गुडघ्याचा एसीएल, म्हणजे सांधा धरून ठेवणारा बंध, तुटला. ज्या क्लबच्या जर्सीत तो तुटला, त्या क्लबने शस्त्रक्रियेचा अर्धा खर्च दिला आणि उरलेल्या अर्ध्यासाठी मी केलेले फोन उचलणे बंद केले. त्यांचेही कागदावर चुकले नव्हते, कारण करार हंगामापुरता होता आणि हंगाम संपला होता. ही नोकरी किती कच्ची असते हे मी त्याआधीच पाहिले होते. २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकणारा महिंद्रा युनायटेडसारखा संघ २०१० मध्ये बंद झाला, तेव्हा आमच्या ड्रेसिंग रूममध्ये फक्त रेल्वेत किंवा बँकेत चिकटलेले खेळाडू शांतपणे चहा पीत होते.

गावी परतल्यावर अण्णांनी एकच प्रश्न विचारला, "खेळून झालं, आता काय करतूस?" मी म्हणालो, शिकवीन. खेळता येते म्हणजे शिकवता येते, असे मी तेव्हा धरून चाललो होतो, आणि पहिले दीड वर्ष फर्म रखडली ती मुख्यतः या समजुतीमुळे.

तेव्हाच्या एका सकाळचे वर्णन करतो. नऊ वर्षांच्या एका मुलाला मी पायाच्या आतल्या बाजूने पास द्यायला शिकवत होतो. "घोटा कडक ठेव," असे मी सांगितले की तो घोट्याबरोबर गुडघा, कंबर आणि जबडाही कडक करायचा आणि शेवटी अंगठ्याच्या टोकानेच चेंडू ढकलायचा. मग मी स्वतः करून दाखवायचो, एकदा नव्हे तर दहादा, चाळीस फुटांवरच्या शंकूला नेमका चेंडू लावून. बाकीची मुले रांगेत उभी राहून टाळ्या वाजवायची आणि त्या टाळ्यांनाच मी आमच्या कामाची पावती समजत असे. त्या मुलाच्या पायातला चेंडू पाच नंबरचा, म्हणजे मोठ्या माणसांचा होता, हे माझ्या लक्षातसुद्धा आले नाही, कारण मुंबईहून आणलेल्या जाळीत दुसरा चेंडूच नव्हता. आठ वर्षांखालच्यांना तीन नंबर, साधारण बारापर्यंत चार नंबर आणि पुढे पाच, एवढी साधी गोष्ट अकरा वर्षे खेळलेल्या माणसाला माहीत असू नये, याची आज लाज वाटते.

डोळे उघडले ते २०१७ मध्ये, अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या डी लायसन्सच्या अभ्यासक्रमात. प्रशिक्षकांची ही शिडी ई, डी, सी, बी, ए आणि प्रो अशी चढत जाते. देशातल्या अव्वल लीगमध्ये मुख्य प्रशिक्षक व्हायचे तर प्रो लागते, आणि मी खेळलेल्या हंगामांमुळे मला तळाकडची एकही पायरी माफ झाली नाही. प्रात्यक्षिकात मला वीस मिनिटांचे सत्र घ्यायचे होते. सत्र संपल्यावर परीक्षकांनी शांतपणे विचारले, "सर, यातली चौदा मिनिटे तुम्ही बोललात किंवा करून दाखवलेत. मुले खेळली कधी?" त्यांनी एका मुलाच्या पायाला चेंडू किती वेळा लागला हे वहीत रेघा मारून मोजले होते. रेघा चार होत्या. त्या चार रेघांनी मला जे शिकवले ते मैदानावरच्या अकरा वर्षांनी शिकवले नव्हते.

लातूरला परतल्यावर आम्ही रांगा बंद केल्या. अकरा विरुद्ध अकराचा मोठा सामना लहानांसाठी रद्द केला, मैदान आखून त्याचे चार तुकडे केले आणि चार-चारचे छोटे खेळ सुरू केले, कारण मोठ्या मैदानावर दोन धट्टी मुले चेंडूमागे पळतात आणि बाकीची गवत उपटत बसतात. पालकांना मात्र हे पटेना. "सर, नुसतं खेळायलाच लावताव व्हय? शिकवताव कवा?" असे एका वडिलांनी तोंडावर विचारले आणि पुढच्या महिन्यापासून मुलाला पाठवणे बंद केले.

मैदानाची गोष्ट वेगळीच सांगायला हवी, कारण मराठवाड्यात फुटबॉलचा धंदा करणाऱ्याला आधी मातीशी निपटावे लागते. आम्ही भाड्याने घेतलेली जागा काळ्या मातीची होती. ही माती उन्हाळ्यात भेगाळते, इतकी की त्यात बुटाचा पुढचा भाग अडकून घोटा मुरगळावा; आणि पावसाळ्यात तिचा असा चिकट गारा होतो की दहा पावलांत प्रत्येक बुटाला अर्धा किलोचे ढेकूळ चिकटते. सराव संपला की पत्र्याच्या तुकड्याने बूट खरवडत बसावे लागते. म्हणून साठ मीटर लांब आणि चाळीस मीटर रुंद तुकड्यावर चार इंचांचा मुरूम अंथरायचे ठरले. हिशोब ८६ ब्रासचा (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट) निघाला आणि दोन ब्रासच्या टिपरने त्रेचाळीस खेपा झाल्या. पैसे सौभाग्यवतींच्या पाटल्या मोडून उभे केले, हे लिहिलेच पाहिजे, कारण फर्मच्या कागदावर भागीदार म्हणून त्यांचे नाव त्यानंतर चढले.

पण मुरूम टाकला मार्च २०१६ मध्ये, आणि मुरूम बसवायचा तर पाणी मारून रोलर फिरवावा लागतो. त्याच एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले. घागरींच्या रांगा लागलेल्या शहरात मैदानावर टँकर ओतायची कल्पनासुद्धा मनात आणवत नव्हती. तीन महिने मुरूम तसाच भुसभुशीत पडून राहिला, वाऱ्याने उडाला, शेजाऱ्यांच्या वाळवणावर बसला आणि त्यांची बोलणी आम्ही खाली मान घालून ऐकली. जूनचा पाऊस पडला तेव्हा भर पावसात रोलर बोलावला. त्या वर्षी पाऊस चांगला झाला. आजही ते मैदान तसेच आहे, फक्त दर दोन वर्षांनी वरचा थर भरावा लागतो.

सप्टेंबर २०१७ मध्ये आमच्या व्यवसायाला पहिला खरा धक्का मिळाला, तोही चांगल्या अर्थाने. भारतात सतरा वर्षांखालील विश्वचषक होणार होता, नवी मुंबईत त्याचे सामने होते आणि राज्य शासनाने १५ सप्टेंबरला एकाच दिवशी दहा लाख मुलांना फुटबॉल खेळवण्याचा उपक्रम हाती घेतला. शाळाशाळांत चेंडू पोहोचले, पण चेंडूचे काय करायचे हे कोणाला सांगता येईना. आम्ही फक्त तासाभराचे प्रात्यक्षिक फुकट देऊ केले. त्यातून तीन शाळांची वार्षिक कामे मिळाली आणि पहिल्यांदाच पगारी सहायक ठेवता आला. त्या विश्वचषकात कोल्हापूरचा अनिकेत जाधव भारताकडून खेळला, हेही आमच्या कामी आले. कोल्हापुरात पेठेपेठेचा संघ आहे, तालमीतालमीचा रंग आहे. आमच्याकडे तसे काही नाही. पण हा मुलगा पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीतून पुढे गेला, हे सांगितल्यावर पालक थोडा वेळ तरी ऐकून घेत.

थोडा वेळच, कारण लातूरमध्ये आमची स्पर्धा दुसऱ्या अकादमीशी नाही, ट्यूशन एरियाशी आहे. लातूर पॅटर्नच्या शहरात आठवीपासून फाउंडेशनची बॅच लागते, रविवारी टेस्ट असते आणि दर जूनला आमची दहावीची मुले एकगठ्ठा गळतात. मी प्रारंभी यावर चिडायचो. नंतर वेळापत्रकच उलटे बसवले: सकाळी साडेपाच ते सव्वासहा, म्हणजे सातच्या बॅचला मूल आंघोळ करून पोहोचते. संध्याकाळच्या टर्फचा विचार आम्ही सोडून दिला, कारण टर्फवाल्यांना संध्याकाळी बॉक्स क्रिकेटचे भाडे आमच्या दुप्पट मिळते आणि त्यात त्यांचे काही चुकत नाही. क्रीडा गुण आणि शासकीय नोकरीतील ५ टक्के खेळाडू आरक्षण यांची लालूच दाखवून प्रवेश घ्यावेत, असा सल्ला अनेकांनी दिला. आम्ही ते फलकावर लिहिले नाही. जिल्हा संघाच्या निवडीपर्यंतही शंभरांतले मोजकेच जातात, हे आम्हाला माहीत असताना तसे लिहिणे मला जमले नाही.

संस्था काढावी की फर्मच ठेवावी, हा प्रश्न दोन वर्षे चालला. नोंदणीकृत धर्मादाय संस्थेच्या क्रीडा प्रशिक्षणाला जीएसटीची सूट आहे. आमच्यासारख्या फर्मला उलाढाल २० लाखांवर गेली की कर लावावा लागतो. आमच्या सीएंनी संस्थेचा आग्रह धरला. परंतु संस्थेत विश्वस्त आले, बैठका आल्या, आणि मला गुडघ्याइतकीच बैठकांचीही भीती वाटते. फर्मच राहिली. करोनात मैदान बंद होते, तेव्हा मुरमावर गाजरगवत माजले आणि आम्ही अण्णांच्या सोयाबीनवर जगलो. त्याबद्दल अधिक सांगण्यासारखे नाही.

आज एकशे दहा मुले येतात आणि त्यांत बत्तीस मुली आहेत. मुलींची तुकडी २०१९ मध्ये चौघींवर सुरू झाली. त्यांच्या आया कठड्यावर बसून असत. आता त्यांतल्या दोघी हजेरीचे रजिस्टर भरतात आणि गैरहजर मुलीच्या घरी माझ्याआधी फोन करतात. मी सी लायसन्स पूर्ण केले आहे, बीसाठी अर्ज केला आहे.

पहिल्या नऊ पावत्यांतला एक मुलगा, तोच घोट्याबरोबर जबडा कडक करणारा, मागच्या वर्षीपासून आठ वर्षांखालची तुकडी सांभाळतो. त्याच्या डी लायसन्सची अर्धी फी फर्म भरते आहे आणि अर्धी त्याच्या पगारातून महिन्याला पाचशे रुपयांनी कापली जाते. परवा मी कठड्यावरून त्याचे सत्र वही घेऊन मोजले. त्यातली सहा मिनिटे तो बोलला होता. मी तो आकडा त्याला सांगितला, तर त्याने पुढच्या आठवड्यात पुन्हा मोजायला सांगितले आहे.