आधी काय काढायचं ते बघा

सकाळी उपवन तलावाजवळ किंवा नेरूळच्या ज्वेल ऑफ नवी मुंबईत फिरायला येणाऱ्यांमध्ये एक प्रश्न हमखास निघतो, की कॅन्सर होऊ नये म्हणून काय प्यावं? गव्हांकुर, कारलं, दुधी, हळदीचं पाणी. यातल्या कुठल्याही रसाने माणसांमध्ये कॅन्सर टळतो असं सिद्ध झालेलं नाही. दुधीचा रस कडू लागला तर तो लगेच ओतून द्या. त्या कडवटपणामागे कुकुर्बिटासिन नावाचं विष असतं आणि त्याने रक्ताच्या उलट्या झाल्याच्या, माणसं दगावल्याच्याही नोंदी आहेत. गोळ्यांचंही तसंच. सिगारेट ओढणाऱ्यांना बीटा-कॅरोटिनच्या (गाजराला केशरी रंग देणारं द्रव्य) मोठ्या डोसच्या गोळ्या दिल्या, तेव्हा फुप्फुसाचा कॅन्सर कमी व्हायच्या ऐवजी वाढला. हे १९९४ आणि १९९६ सालच्या दोन मोठ्या चाचण्यांमध्ये दिसलं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार ३० ते ५० टक्के कॅन्सर टाळता येण्यासारखे असतात. पण त्यातला मोठा वाटा काही गोष्टी बंद केल्याने मिळतो. ताटात नवीन काय वाढायचं, हा प्रश्न त्यानंतरचा.

पहिला नंबर तंबाखूचा, हे सगळ्यांना माहीत असतं. पण मिश्री लावणारी आजी स्वतःला तंबाखू खाणाऱ्यांत धरत नाही. भाजलेली तंबाखूच ती, तिच्यातली विषारी द्रव्यं हिरड्यांतून रक्तात जातात. आणि सुपारी? "मी तंबाखू नाही, नुसती सुपारी खातो," हे वाक्य डॉक्टरांना रोज ऐकावं लागतं. तंबाखूशिवायची सुपारीसुद्धा कॅन्सरकारक आहे, असा निष्कर्ष आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने केव्हाच काढलाय. सुपारीतलं अरेकोलिन गालाच्या आतल्या नरम कातडीखाली घट्ट तंतू वाढवतं. गाल आतून पांढुरके, कडक होतात, तिखट सोसत नाही आणि तोंड उघडणं कमी होत जातं. आरशासमोर उभं राहून स्वतःची तीन बोटं उभी एकावर एक धरून तोंडात घालून बघा. जात नसतील तर दातांच्या डॉक्टरकडे जायला उशीर करू नका. जेवणानंतर काही चघळायचं असेल तर नुसती बडीशेप किंवा ओवा. तयार मुखवासाच्या पाकिटावरचे घटक वाचा, त्यात सुपारी असू शकते.

दारूबद्दल थोडक्यात. वाइन, बिअर, व्हिस्की, तिन्हींमधलं अल्कोहोल तेच आणि त्यापासून शरीरात तयार होणारं ॲसिटाल्डिहाइड डीएनएला इजा करतं. स्तनाच्या कॅन्सरचा धोका रोजच्या एका ड्रिंकनेही वाढतो. तंबाखूच्या जोडीला दारू असली तर तोंड, घसा आणि अन्ननलिकेचा धोका कित्येक पटींनी वाढतो.

मग पोट. वजनकाट्यापेक्षा माझा भरवसा शिंप्याच्या टेपवर आहे. सर्वांत खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप धरा, श्वास सहज सोडल्यावर मोजा. आपल्याकडच्या पुरुषांसाठी ९० आणि बायकांसाठी ८० सेंटिमीटर ही हद्द. जादा चरबीचा १३ प्रकारच्या कॅन्सरशी संबंध आहे. पाळी गेल्यानंतर इस्ट्रोजेन हे बायकांचं हार्मोन मुख्यतः चरबीतच तयार होतं, म्हणून पन्नाशीनंतर वाढलेलं वजन स्तन आणि गर्भाशयाला जास्त जड जातं. आठवड्याला निदान १५० मिनिटं भरभर चालायचं, इतकं की बोलता येईल पण गाता येणार नाही. घोडबंदर रोडच्या कडेने गाड्यांचा धूर घेत चालण्यापेक्षा आतली बाग किंवा सोसायटीचं आवार बरं. हवेचं प्रदूषणही कॅन्सरकारकांच्या यादीत आहे.

आता ताट. दिवसाला ३० ग्रॅम फायबर हे लक्ष्य ठेवा. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरविरुद्ध याचा भक्कम पुरावा आहे. १०० ग्रॅम ज्वारीच्या पिठातून साधारण १० ग्रॅम फायबर मिळतं, पांढऱ्या तांदळातून किंवा मैद्यातून जेमतेम ३. म्हणजे भाकरी परत ताटात आली की निम्मं काम झालं. डब्यात भाकरी कडक होते, ही नोकरी करणाऱ्यांची तक्रार खरी आहे. पीठ उकळत्या पाण्यात उकडून, चांगलं मळून केलेली आणि सुती फडक्यात गुंडाळलेली भाकरी दुपारपर्यंत मऊ राहते. तेही जमत नसेल तर पोळीच्या पिठात तिसरा हिस्सा ज्वारी मिसळा आणि पीठ चाळून कोंडा फेकू नका. मटकी, मूग, चवळी, मसूर यांची उसळ रोज एक वाटी. मधल्या वेळेला पेरू. हे सगळं एका दिवसात सुरू केलं तर गॅस होतो, पोट फुगतं आणि माणूस आठवड्यात सोडून देतो. म्हणून दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढवा आणि पाणीही वाढवा.

भाजी माणशी रोज ४०० ग्रॅम आणि फळ १०० ग्रॅम, हे आपल्या राष्ट्रीय पोषण संस्थेचं माप. अर्धा किलो भेंडी चौघांत वाटली तर वाट्याला सव्वाशे ग्रॅम येतात. म्हणजे रोज आणखी एक पालेभाजी आणि कोशिंबीर लागणारच. पावसाळ्यात येऊरच्या पाड्यांवरच्या बायका टाकळा, कुर्डू घेऊन ठाण्यात बसतात, तेव्हा त्या जरूर घ्या.

पावसाळ्यात शेंगदाण्यांकडे नीट लक्ष द्या, कारण आपलं कूट प्रत्येक भाजीत असतं. दमट हवेत दाण्यांवर वाढणारी बुरशी अफ्लाटॉक्सिन तयार करते आणि त्याने यकृताचा कॅन्सर होतो. हिपॅटायटिस बी (यकृताला होणारा विषाणूचा संसर्ग) असलेल्याला तर धोका फारच जास्त. भाजल्याने हे विष पूर्ण जात नाही. सुरकुतलेले, काळपट-हिरवट, खवट दाणे दिसले तर त्यातले चांगले निवडत बसू नका, सगळेच टाका. थोडेच दाणे आणा, भाजून घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये ठेवा, कूट आठवड्यापुरतंच करा.

मटण बंद करायची गरज नाही. आठवड्याला शिजवलेलं ५०० ग्रॅमपर्यंत चालतं, रविवारचा रस्सा त्यात आरामात बसतो. सलामी, सॉसेज, हॅम मात्र घरात आणूच नका. रोज ५० ग्रॅम खाल्लं तर मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो.

एवढं सगळं पाळणाऱ्यालाही कॅन्सर होऊ शकतो, त्यामुळे लस आणि तपासणी सोडू नका. बाळाला जन्मतः हिपॅटायटिस बीची लस, मुलीला ९ ते १४ या वयात एचपीव्हीची, म्हणजे गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर करणाऱ्या विषाणूविरुद्धची. सरकारी तपासणी मोहिमेत ३० वर्षांपुढच्यांचं तोंड आणि बायकांचे स्तन व गर्भाशयाचं मुख तपासतात. तोंडातला पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली तोंडातली जखम, स्तनातली गाठ, पाळी गेल्यानंतरचं रक्त, शौचातून रक्त, यातलं काहीही दिसलं तर मूळव्याध किंवा उष्णता समजून घरगुती औषध करत बसू नका, त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा.