गेलेल्या माणसाचा विषय मुद्दाम का काढता?

बऱ्या न होणाऱ्या आजाराच्या पेशंटसाठी असलेल्या एका केंद्रात मी समुपदेशनाचं काम करते. पेशंट गेल्यानंतरही घरच्यांशी आमचं येणं-जाणं राहतं, आणि तिथे कुणी ना कुणी मला बाजूला घेऊन विचारतंच, "ताई, ज्याचं नाव काढलं की घर रडायला लागतं, त्याचाच विषय तुम्ही मुद्दाम का काढता? विसरायला मदत करायची सोडून?" तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगते.

'विसर आता' असा सल्ला मिळालेलं माणूस खरंच विसरलंय, असं मी अजून पाहिलेलं नाही. ते फक्त एकट्याने आठवायला लागतं. सासूच्या ओठांवर 'ह्यांना भरली वांगी फार आवडायची' येतं आणि सून समोर आहे म्हणून ती ते गिळते. सून सासऱ्यांचं नाव घेत नाही, कारण आईंना त्रास नको. दोघी एकमेकींना जपत राहतात आणि दोघींची माया होती तो माणूस त्या घरातून दुसऱ्यांदा जातो. हे दुसरं जाणं टाळता येतं, असं मला मनापासून वाटतं.

माया तोडून पुढे चला, हा विचार मानसशास्त्रातही जुना आहे. दुःखाचं काम म्हणजे गेलेल्या माणसात गुंतलेलं मन हळूहळू सोडवून घेणं, असं मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड याने १९१७ च्या निबंधात मांडलं. पण १९२० मध्ये त्याची मुलगी सोफी साथीच्या तापात गेली. पुढे १९२९ मध्ये, मुलगा गमावलेल्या एका मित्राला लिहिलेल्या पत्रात त्याचा सूर वेगळाच आहे. ती जागा कशानेच भरत नाही, आणि तसंच असायला हवं, कारण जी माया सोडायची नाही ती जपण्याचा तोच एक मार्ग आहे, असं तो लिहितो. सिद्धान्तापेक्षा मला बापाचं हे पत्र जास्त खरं वाटतं.

मी ज्या पद्धतीने काम करते ती नॅरेटिव्ह थेरपी, म्हणजे माणूस स्वतःच्या आयुष्याची जी गोष्ट सांगतो, तिच्या आधाराने केलेलं समुपदेशन. ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडचा मायकेल व्हाइट आणि न्यूझीलंडचा डेव्हिड एप्स्टन यांनी १९८० च्या दशकात ती घडवली. व्हाइटने १९८८ मध्ये दुःखावर एक लेख लिहिला. त्यात नवरा अचानक गेलेली एक बाई आहे. वर्षं उलटली तरी ती सावरत नव्हती आणि नवऱ्याचा निरोप घ्यायला आपल्याला जमत नाही, याचंच तिला अपयश वाटत होतं. व्हाइटने तिला निरोपाचं सोडून नवऱ्याला पुन्हा भेटायला सांगितलं. म्हणजे काय, तर त्याच्या नजरेने स्वतःकडे पाहायचं. आज तू जे निभावतेयस त्यातलं त्याला काय दिसलं असतं? तुझा कोणता गुण त्याला तुझ्याआधी कळला होता? तो आज तुला आठवला, तर उद्याचा दिवस कसा जाईल?

आपल्याकडे हे अगदीच परकं नाही. दहाव्याला पिंडाला कावळा शिवत नाही, ऊन चढत जातं आणि मग कुणीतरी पुढे होऊन हात जोडतं, "धाकटीचं शिक्षण पुरं करतो, काळजी करू नका." कावळ्यावर तुमचा विश्वास असो-नसो, त्या घटकेला सगळं घर मोठ्याने एकच विचारत असतं, यांच्या मनात काय राहिलं असेल? गेलेल्या माणसाशी इतकं थेट बोलणं एरवी कुठे होतं? तेराव्यानंतर मात्र हे बोलणं बंद पडतं. मी ते चालू ठेवते.

जाणाऱ्या माणसाबरोबर तर त्याच्या हयातीतच याची सुरुवात करता येते. एक एसटीचे ड्रायव्हर काका होते. "आता मी नुसता खाटेवरचा बोजा," एवढंच म्हणायचे. मी त्यांना कसं वाटतंय हे विचारलं नाही. घाटात धुकं उतरल्यावर गाडी कशी काढायचात, ते विचारलं. काका उशाला टेकून सरळ बसले. "मागे माणसं झोपलेली असतात. त्यांना जाग येणार नाही असा ब्रेक दाबायचा." हे कुणाकडून शिकलात? आईकडून, म्हणाले. पहाटे उठून चूल पेटवायची, पण भांड्याचा आवाज व्हायचा नाही. मुलगा शेजारीच बसला होता. मी त्याला म्हटलं, वडिलांचं कौतुक करू नकोस, यातलं तुझ्यात काय आलं तेवढं सांग. तो म्हणाला, "रात्रपाळीहून आलो की मीपण दार असंच लावतो. कुणाचं बघून, ते आत्ता कळलं."

हे सगळं मी लिहून काढलं, काकांना वाचून दाखवलं. त्यांनी घाटाचं नाव दुरुस्त केलं आणि एक वाक्य खोडायला लावलं. तो कागद आता मुलाकडे आहे. कॅनडातले डॉक्टर हार्वे चोचिनोव यांची एक उपचारपद्धतीही याच्या जवळची आहे. पेशंटचं बोलणं ध्वनिमुद्रित करून, नीट लिहून, ते त्याच्या माणसांच्या हाती द्यायचं.

सगळ्यांनाच हे लागू पडतं, असं मात्र समजू नका. वेदना आवरलेल्या नसतील तर आधी मॉर्फीन, आधी डॉक्टर. कण्हणाऱ्या माणसाला आठवणी विचारणं क्रूरपणा आहे. आणि प्रत्येक गेलेल्या माणसाला मनात मानाची जागा द्यावी, हेही खरं नाही. मारहाण करणारा नवरा गेला, की बाईकडून गोड आठवणींची अपेक्षा करणारे नातेवाईक मी पाहिलेत. तिथे मी वेगळं विचारते. त्या वर्षांत तुमच्या बाजूने कोण उभं होतं? शेजारची काकू? एखादी मावशी? मग आमचं बोलणं तिच्याविषयी होतं. आपल्या आयुष्यात कोणाला किती जवळ ठेवायचं, हे ठरवायचा हक्क त्या बाईचा आहे.

हो, या बोलण्यात माणसं रडतात. पण पुढच्या भेटीत बहुतेक वेळा तीच आधी म्हणतात, "ताई, त्यांचं आणखी एक आठवलं."

तुम्ही कुणाला भेटायला जाणार असाल, तर 'सावरा' म्हणण्याऐवजी गेलेल्याचं नाव घ्या आणि नेमकं काहीतरी विचारा. दादा बाजारात भाव कसा करायचे? आजींच्या हातचं काय कुणालाच जमत नाही? आणि हे महिन्याभराने, घरातली वर्दळ ओसरल्यावर जाऊन विचारा.