गर्दी किती?

रविवार, रात्र

दुपारी पुण्याहून फोन आला. मी लिहिलेल्या तीन मिनिटांच्या अ‍ॅनिमेशन फिल्मचा स्टोरीबोर्ड, म्हणजे शॉटगणिक कच्ची चित्रं, करणारी मुलगी. मित्राची मावसबहीण, मूळची आमच्या सोलापूरचीच, सात रस्त्याची. माझ्याहून आठ वर्षांनी लहान आहे, दादा म्हणते. कामाचं बोलणं सुरू झालं की मात्र ती मास्तरीण आणि मी शेवटच्या बाकावरचा.

"दादा, सीन चार. गर्दी किती?"

"गर्दी म्हणजे... गड्ड्याच्या जत्रेची गर्दी. तुफान."

"ते मला माहितीये. माणसं किती?"

पटकथेत मी लिहिलं होतं: 'बाळीवेशीतून सात नंदीध्वज, सजवलेल्या उंच काठ्या, निघतात. पांढऱ्या बाराबंदीतले हजारो भक्त. त्यात हरवलेला सहा वर्षांचा मुलगा.' चहा गार व्हायच्या आत लिहून झालं होतं आणि वर वाटलंही होतं, काय झकास जमलंय.

तिनं हिशेब मांडला. एका सेकंदाला २४ फ्रेम. ती दोन फ्रेमला एक चित्र धरते, म्हणजे सेकंदाला १२ चित्रं. सीन दहा सेकंदांचा, म्हणजे १२०. त्यात हजारो सोडा, चाळीसच माणसं हलती दाखवायची म्हटली तरी ४,८०० आकृत्या. काढणारी ती आणि तिची एक मैत्रीण. दोघींच्याही नोकऱ्या आहेत.

एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात मी दिवसभर डझनाचे हिशेब लिहितो. हा गुणाकार मला सुचला नाही.

"मागची माणसं स्थिर ठेवता येतात, दहाच जणं फिरवून फिरवून वापरता येतात. ते मी बघेन," ती म्हणाली. "पण आधी मला सांगा, गर्दी हवी कशाला?"

उत्तर आलं नाही. कळवतो म्हणालो. फोन ठेवल्यावर कडक भाकरीचा तुकडा चघळत बराच वेळ गच्चीत बसलो.

बुधवार

चित्रकला हा माझा जुना घाव. आठवीत एलिमेंटरीला बसलो होतो. वस्तुचित्राच्या पेपरात समोर मडकं ठेवलं होतं. पर्यवेक्षक मागून आले, थांबले, म्हणाले, "भोपळा छान आलाय." निकाल वेगळा सांगायला नको.

त्यामुळे कॉलेजात एकांकिका लिहिल्या, युवा महोत्सव केले, तरी अ‍ॅनिमेशनच्या वाटेला गेलो नाही. ते चित्रकारांचं काम, आपण काय करणार? दोन वर्षांपूर्वी धीर करून हुतात्मा एक्सप्रेसनं पुण्याला गेलो, एका इन्स्टिट्यूटमध्ये चौकशीला. समुपदेशक बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "पोर्टफोलिओ आणलाय?" मला लिहायचंय म्हटल्यावर त्यांनी चित्रकलेच्या पायाभूत कोर्सचं फीपत्रक पुढं सरकवलं. संध्याकाळच्याच गाडीनं परत. त्या फीपत्रकाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी भिगवण ते कुर्डुवाडी एक गोष्ट लिहिली. तेवढाच त्या दिवसाचा फायदा.

मग मी उदाहरणं शोधत बसलो. अ‍ॅनिमेटर राम मोहन रसायनशास्त्राचे पदवीधर होते, हे वाचून बरं वाटलं. १९५६ साली ते सरकारी फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात गेले, डिस्नेकडून आलेल्या क्लेअर वीक्स यांच्या हाताखाली शिकले. पण त्यांचा हात चित्रात चालायचा, तेव्हा ते माझ्या बाजूचे साक्षीदार होत नाहीत. विजया मुळे या बाई मात्र साक्षीदार होतात. दूरदर्शनवर सारखी लागायची ती अ‍ॅनिमेशन फिल्म 'एक अनेक और एकता', १९७४ ची, त्यांची. चित्रं भीमसैन यांची. बाई शिक्षणातल्या, माहितीपटातल्या. कोणीतरी आधी ठरवावं लागतं की पोरांना काय दाखवायचं आणि कुठल्या क्रमानं. ते ठरवणारा आणि चित्र काढणारा एकच माणूस असला पाहिजे, असं काही नाही.

शिकलो मात्र भाच्याच्या कार्टूनवर. तो जेवताना टीव्ही लावतो. मी आवाज बंद करायचो (तो भोकाड पसरायचा) आणि वहीत लिहायचो: कोण कुठून आलं, काय उचललं, कशावर आपटलं. अकरा मिनिटांच्या एका भागात मी १४३ शॉट मोजले. आवाज बंद असूनही गोष्ट कळत होती. माझ्या एकांकिका अशा बंद आवाजात बघितल्या तर दोन माणसं खुर्चीत बसून तोंडं हलवताना दिसतील.

बाकी अडचणी फुटकळ. पटकथेचं एक पान म्हणजे साधारण एक मिनिट, हा ठोकताळा देवनागरीत टाइप केलं की कोलमडतो, म्हणून मी घड्याळ लावून मोठ्यानं वाचतो. बायको म्हणते, भुताशी बोलतोस काय.

बुधवार, उशिरा

आप्पांबद्दल लिहायचं राहिलं.

आप्पांनी तीस-बत्तीस वर्षं जकार्ड मागाची, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागाची, कार्डं पंच केली. चादरीवरची नक्षी आधी ग्राफ कागदावर चौकटी भरून काढतात. तो कागद समोर ठेवून पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडायची. भोक असेल तिथं ताण्याचा उभा दोरा वर उचलला जातो, नसेल तिथं खाली राहतो, मधून धोटा बाण्याचा आडवा दोरा घेऊन जातो. कार्डांची माळ मागावर फिरत राहते आणि चादरीवर मोर उतरतो. आप्पांना स्वतःला मोर काढता येत नाही. मडक्याचा भोपळा होतो तो वारसाच आहे.

परवा त्यांनी माझी पटकथा मागितली. चष्मा कपाळावर चढवून, कागद डोळ्यांजवळ नेऊन, कार्ड तपासल्यासारखी ओळीवर बोट ठेवत वाचली. एका ओळीवर बोट थांबलं.

"'मुलाला फार एकटं वाटतं.' ह्यावर काय उचलायचं?"

"म्हणजे?"

"आरं, हे वाचून ती पोरगी काय काढणार? ह्याला भोकच न्हाई."

मी म्हणालो, ती समजून घेईल, चेहऱ्यावर दाखवेल. आप्पांनी मान हलवली. "न समजणाऱ्यासाठीच कार्ड असतंय. माग काय समजून घेतोय व्हय?"

हे शंभर टक्के मला पटलेलं नाही. ती मुलगी म्हणजे माग नव्हे, तिच्याकडे माझ्यापेक्षा जास्त कल्पना आहेत. पण त्या ओळीपुरते आप्पा बरोबर होते. अशा ओळी शोधत गेलो तर तीन मिनिटांत अकरा सापडल्या. 'त्याला आईची आठवण येते.' 'वातावरणात भक्ती भरून राहिली आहे.' ती भरून राहिलेली भक्ती कुठल्या रंगानं रंगवायची, हे विचारायचं त्या मुलीनं निव्वळ सभ्यपणानं टाळलं असणार.

शुक्रवार

डबा खाऊन झाल्यावर कारखान्याच्या पायरीवर बसून सीन चार पुन्हा लिहिला.

सहा वर्षांचं पोर गर्दीत काय बघतं? मी स्वतः त्या वयात हरवलो होतो, पाऊण तास. हजारो भक्त वगैरे मला दिसलेच नव्हते. दिसली होती धोतरं. पांढऱ्या कापडाची भिंत, तिच्या फटीतून सरकणारे पाय, आणि खूप वर, आभाळाला टेकल्यासारखी, नंदीध्वजांची सजवलेली टोकं. बाकी सगळी गर्दी कानांतून येत होती. हलग्या, आणि मागून लाटेसारखा येणारा 'हर्र बोला'चा गजर.

तेच लिहिलं. कॅमेरा मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर. सात पाय, एकही पूर्ण माणूस नाही. नंदीध्वजाचं फक्त टोक, तेही एकदाच. गर्दी आवाजात. 'एकटं वाटतं' काढून टाकलं. त्या जागी: 'मुलगा चिरमुऱ्यांची पुडी उघडतो. मांडीवर दोन वाटे करतो. एक खातो. दुसऱ्याला हात लावत नाही.'

संध्याकाळी पाठवलं. आप्पांना दाखवलं नाही, उगाच चढून बसतील.

दहा वाजता तिचा मेसेज. "सात पाय भारी. हे मी महिन्याभरात करते." खाली लगेच दुसरा: "मुलाच्या पायात चप्पल आहे का?"

विचार केला नव्हता. मी हरवलो तेव्हाचं आठवलं आणि टाइप केलं, "एकाच पायात. डाव्या."

"मग दुसरी कुठं सुटली ते दाखवावं लागेल ना दादा. सीन तीनमध्ये?"

सीन तीन मी पक्का झाला म्हणून फाइलला लावून टाकला होता. साडेदहा वाजलेत. काढतो बाहेर.